प्लास्टिकची गिटार घेण्याआधी: कोणती कुठे चालते आणि पीसीला कशी जोडायची

पडद्यावर येणाऱ्या रंगांप्रमाणे तालात बटणं दाबायच्या गिटार हिरो किंवा रॉक बँड या खेळांची जुनी गिटार जाहिरातीत दिसते. भाव परवडणारा असतो, फोटोत सगळी बटणं जागच्या जागी असतात. घरी आणून सेल घातले की दिवेही लुकलुकतात. पण कॉम्प्युटरला तिचा पत्ताच लागत नाही. या छंदात नव्याने येणाऱ्यांचे पैसे सर्वांत जास्त इथेच बुडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: गिटार पाहिली, पण ती कोणत्या कन्सोलची आणि तिचा डोंगल (यूएसबीत लावायचा, तिचे संदेश घेणारा छोटा तुकडा) कुठे, हे विचारलंच नाही.

या गिटारींचं रूप फसवं असतं. २००७ मध्ये ‘गिटार हिरो ३’ सोबत आलेली लेस पॉल एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि निन्टेंडोची वाई या तिन्ही कन्सोलसाठी निघाली. बाहेरून सख्ख्या बहिणी, आतून तिघींची भाषा वेगळी. ३६० वाली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीने बोलते, प्लेस्टेशनवाली फक्त तिच्या यूएसबी डोंगलशी, आणि वाईवालीत तर वायरलेसचा भागच नाही. तिच्या पोटात वाई रिमोट बसवावा लागतो. म्हणून ‘लेस पॉल आहे, चालेल का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘कोणत्या कन्सोलची लेस पॉल?’ इथून सुरुवात करायची.

ओळखायची सोपी खूण: अंगावर एक्सबॉक्सचं गोल चिन्ह असलेलं बटण दिसलं तर ३६०, पीएस चिन्हाचं बटण दिसलं तर प्लेस्टेशन ३, आणि अंगात रिमोट ठेवायची लांबट पोकळी असेल तर गिटार हिरोची वाई. फोटोत मागची बाजू नसेल तर विकणाऱ्याकडे मागा. जो मागचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या सेलच्या कप्प्यात बहुधा हिरवट बुरशी असते.

आत असतं तरी काय

सगळा कारभार मोजक्या भागांचा आहे. मानेवर पाच फ्रेट बटणं: हिरवं, लाल, पिवळं, निळं, केशरी. अंगावर स्ट्रम बार, म्हणजे वर-खाली हलणारी पट्टी; तिच्याखाली दोन स्विच. व्हॅमीचा, म्हणजे लांब सूर थरथरवायचा दांडा, ज्याच्या मुळाशी एक पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच भाग. आणि मान वर उचलली की कळावं म्हणून टिल्टचा सेन्सर. त्याने खेळातली स्टार पॉवर, म्हणजे थोडा वेळ गुण वाढवणारी सोय, सुरू होते. स्टार्ट आणि सिलेक्ट धरून झाले नऊ स्विच, एक व्हॅमी, एक टिल्ट. ध्वनीशी यातल्या कशाचाच संबंध नाही. ही गिटारच्या आकाराची बटणपेटी आहे, आणि म्हणूनच ती दुरुस्त करणं खऱ्या गिटारपेक्षा सोपं.

२००८ च्या ‘वर्ल्ड टूर’पासून गिटार हिरोच्या मानेवर पाच बटणांच्या खाली एक स्पर्शपट्टी आली. रॉक बँडच्या स्ट्रॅटोकास्टरला त्याऐवजी मानेच्या खालच्या टोकाला पाच छोटी जादा बटणं असतात. नवशिक्याने या दोन्हींकडे दुर्लक्ष केलं तरी काही बिघडत नाही. निवडीत खरा फरक स्ट्रम बारचा: गिटार हिरोचा ठसठशीत ‘टिक’ वाजतो आणि बोटाला कळतो, रॉक बँडचा मऊ आणि बराचसा मुका असतो. रात्री घरचे झोपल्यावर खेळणाऱ्याला दुसरा बरा. वेगाने वाजवू पाहणारे सहसा पहिल्याकडे वळतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. २०१५ च्या ‘गिटार हिरो लाइव्ह’ची गिटार पाच बटणांची नाही. तिला तीन काळी आणि तीन पांढरी अशा दोन ओळींत सहा बटणं आहेत. जुन्या पाच बटणांच्या खेळांत ती चालत नाही. त्या खेळाचा ऑनलाइन भाग १ डिसेंबर २०१८ ला बंद झाला, त्यामुळे या गिटारी स्वस्तात मिळतात आणि नवखा माणूस ‘नव्यासारखी आहे’ म्हणून भुलतो. पीसीवरच्या क्लोन हिरो या अशाच खेळात सहा बटणांचा वेगळा प्रकार आहे, तिथे ती कामाला येते. पण पहिली गिटार म्हणून नको.

कन्सोलप्रमाणे हिशेब

एक्सबॉक्स ३६० ची वायरवाली गिटार मिळाली तर डोळे मिटून घ्या. यातली सर्वांत नावाजलेली म्हणजे ‘गिटार हिरो २’ सोबत आलेली एक्सप्लोरर. पांढरी, टोकदार पंखांची, शेपटीला यूएसबी वायर. विंडोजच्या पीसीला लावली की विंडोज तिला ३६० चा कंट्रोलर म्हणून ओळखतं. डोंगल नाही, सेल नाही, जुळवाजुळव नाही. गैरसोय एकच, तिची मान सुटी होत नाही. त्यामुळे खोका लांबलचक होतो आणि परदेशातून मागवली तर पाठवणावळ गिटारच्या किमतीच्या बरोबरीला जाऊ शकते. पहिल्या रॉक बँडची ३६० वाली स्ट्रॅटोकास्टरही वायरचीच.

३६० ची वायरलेस गिटार असेल तर ‘विंडोजसाठीचा एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर’ लागतो. साध्या ब्लूटूथवर ती कधीच जोडली जात नाही. ब्लूटूथ नव्हेच ते. इथे दोन गैरसमज फार पसरलेत. पहिला, चार्जिंगची ‘प्ले अँड चार्ज’ केबल लावली की गिटार वायरची होते. होत नाही. ती केबल फक्त वीज नेते, बटणांची माहिती नेत नाही. दुसरा, एक्सबॉक्स वन किंवा सिरीज कंट्रोलरचा नवा वायरलेस अडॅप्टर चालेल. तोही चालत नाही. दोन्हींची पद्धत वेगळी.

प्लेस्टेशन ३ ची गिटार म्हणजे डोंगल. डोंगल असेल तर पीसीच्या यूएसबीत लावा, काम झालं. डोंगल नसेल तर ती शोभेची वस्तू. दुसऱ्या गिटारचा डोंगल उसना घेता येतो, पण त्याच मॉडेलचा हवा. गिटार हिरोचा डोंगल रॉक बँडच्या गिटारला ओळखणार नाही. खरेदीआधी डोंगलचा आणि त्यावर छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो मागवा आणि तो गिटारवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. ‘डोंगल आहे, पण सापडत नाहीये’ याचा अर्थ नाही असाच घ्यायचा.

वाईच्या बाबतीत गिटार हिरो आणि रॉक बँड यांचे रस्ते फुटतात. गिटार हिरोची वाई गिटार रिमोटच्या शेपटीतल्या सॉकेटवर चालते. रॉक बँडची वाई गिटार मात्र यूएसबी डोंगलवर, प्लेस्टेशनसारखी. त्यामुळे रॉक बँडची वाई गिटार वाईवरच्या गिटार हिरोला चालत नाही. पीसीसाठी विचार केला तर गिटार हिरोची वाई गिटार आज सर्वांत शहाणी खरेदी ठरते: हरवायला डोंगल नाही, आणि तिची भाषा इतकी साधी आहे की थोड्या खर्चात तिचं उत्तम वायरच्या गिटारमध्ये रूपांतर होतं. ते कसं, हे पुढे सविस्तर.

प्लेस्टेशन २ च्या गिटारींपासून नवशिक्याने जरा लांबच राहावं. त्या ओळख म्हणून डी-पॅडचं, म्हणजे कंट्रोलरवरच्या चार दिशांच्या बटणाचं, ‘डावीकडे’ कायम दाबलेलं दाखवतात. जुन्या कन्सोलला त्यावरून कळायचं की समोर गिटार आहे. पण बाजारातला स्वस्त पीएस २ ते यूएसबी अडॅप्टर ते खरंच दाबलं आहे असं समजतो. मग वरचा स्ट्रम ‘वर-डावीकडे’ आणि खालचा ‘खाली-डावीकडे’ असा तिरका जातो आणि खेळाला स्ट्रम कळतच नाही. डी-पॅड आणि बाकी बटणं सुटी-सुटी पाठवणारा, डान्स मॅटसाठी बनवलेला अडॅप्टर असेल तर हे टळतं.

नव्या कन्सोलवर खेळायचं असेल तर निवड थोडीच, मुख्यतः पुढच्यांतली. २०१५ च्या ‘रॉक बँड ४’ साठी निघालेल्या एक्सबॉक्स वन आणि पीएस ४ च्या गिटारी, किंवा २०२४ मध्ये पीडीपी कंपनीने आणलेली घडीच्या मानेची रिफमास्टर. रिफमास्टर एक्सबॉक्ससाठी वेगळी आणि प्लेस्टेशनसाठी वेगळी येते. एकीची दुसऱ्या कन्सोलवर चालत नाही. फोर्टनाइट फेस्टिव्हल या खेळाच्या ‘प्रो लीड’ आणि ‘प्रो बेस’ या प्रकारांना २०२४ पासून या गिटारी चालतात. जुनी ३६० ची वायरलेस वाद्यं एक्सबॉक्स वनवर आणायला एक लेगसी अडॅप्टर निघाला होता. तो आता बनत नाही, वापरलेला मिळाला तर महाग पडतो, आणि वायरच्या गिटारींना तो चालत नाही. एक्सप्लोरर घेऊन त्यात पैसे घालू नका.

घेताना काय तपासायचं

समोरासमोर घेत असाल तर सेल आणि शक्य असेल तर लॅपटॉप बरोबर न्या. आधी सेलचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने निघतो, पण स्प्रिंग खाल्लेली असेल तर बदलावी लागेल. भाव त्याप्रमाणे पाडा. मग पाचही बटणं एक-एक करून तिरकी दाबून पाहा, कारण बोट नेहमी बरोबर मध्यभागी पडत नाही. स्ट्रम बार दोन्ही बाजूंना सारखा परत येतो का? व्हॅमी सोडल्यावर पूर्ण मूळ जागी जातो का? मान सुटी होणारी असेल तर ती लावून हलकेच हलवा. बटणं अधूनमधून बंद पडत असतील तर दोष जोडाचा आहे, आणि तो सुटतो.

परदेशातून मागवताना वीज किंवा प्रदेशाची काळजी नको. ही वाद्यं सेलवर किंवा यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतात, गिटारला रीजन लॉक नसतो. काळजी खोक्याची आणि सीमाशुल्काची. मान सुटी होणारी गिटार असेल तर ती वेगळी काढून पाठवायला सांगा, आणि सेल काढायला लावा. सेलसकट आलेलं पार्सल विमानातून पाठवताना अडकू शकतं, शिवाय वाटेत सेल पाझरतात ते वेगळंच.

पीसीला जोडणं

विंडोजमध्ये गिटार पोहोचली का, हे खेळ उघडण्याआधी तपासायची सवय लावा. स्टार्टमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ (joy.cpl) असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. कंट्रोलरची यादी येते. आपली गिटार निवडून प्रॉपर्टीज उघडा आणि बटणं दाबून पाहा. इथे दिवे लागले तर गिटार आणि वायर ठीक, उरलेला गोंधळ खेळाच्या सेटिंगचा. इथेच काही दिसलं नाही तर खेळात तासन्तास डोकं फोडण्यात अर्थ नाही.

३६० चा रिसीव्हर अस्सल असेल तर विंडोज स्वतः ड्रायव्हर घालतं. नकली रिसीव्हर (आणि आज विकले जाणारे बहुतेक तसेच) ‘अज्ञात उपकरण’ म्हणून पडून राहतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्या उपकरणावर उजवी क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ घ्या, मग ‘माझ्या कॉम्प्युटरवर शोधा’ आणि त्यानंतर ‘यादीतून निवडू द्या’ हे पर्याय. यादीत ‘एक्सबॉक्स ३६० पेरिफेरल्स’ हा गट शोधून त्यातला ‘विंडोजसाठी वायरलेस रिसीव्हर’ निवडा. इशारा येईल, ‘हो’ म्हणा. मग रिसीव्हरचं बटण दाबा, लगेच गिटारचं जोडणीचं छोटं बटण दाबा. चार दिव्यांपैकी एक स्थिर झाला की जुळलं. एका रिसीव्हरवर चार कंट्रोलर बसतात.

३६० च्या गिटारीवर हिरवं म्हणजे ए, लाल बी, पिवळं वाय, निळं एक्स आणि केशरी म्हणजे एलबी. स्ट्रम डी-पॅडच्या वर-खाली येतो, व्हॅमी उजव्या स्टिकच्या आडव्या अक्षावर आणि टिल्ट उभ्या अक्षावर. हे माहीत असलं की जॉय डॉट सीपीएलच्या खिडकीत काय हलायला हवं ते कळतं. व्हॅमीचा अक्ष काही न करता एका टोकाला टेकलेला दिसतो, ते बरोबर आहे. बिघाड समजून उघडायला जाऊ नका.

एक्सबॉक्स वनची रॉक बँड ४ गिटार पीसीवर वापरायची असेल तर विंडोजला ती ३६० च्या गिटारीसारखी सरळ दिसत नाही. ‘आरबी४ इन्स्ट्रुमेंट मॅपर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर मध्ये बसवावं लागतं. नव्याने घेत असाल आणि मुख्य वापर पीसीवरच असेल तर ही कटकट अंगावर घेऊ नका.

वाई गिटार आणि पिको: पूर्ण कृती

वाईच्या गिटारला फक्त चार तारा लागतात: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. ही आयटूसी नावाची जोडणी. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड ती भाषा वाचून पीसीला सांगू शकतो की ‘मी ३६० ची गिटार आहे’. त्यासाठी सॅनट्रोलर नावाचं मोफत, मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे बोर्डवर चढवायचा प्रोग्रॅम आहे. साहित्य: एक पिको, वाईच्या नंचक या जोडकंट्रोलरच्या (आणि गिटारच्या) प्लगला बसणारा ‘वाईचक’ नावाचा चिमुकला जोडबोर्ड, प्रत्येकी १० सेंटिमीटरच्या चार तारा, मायक्रो यूएसबी केबल, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पिको आणि तारा सहज मिळतात. वाईचक बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो.

१. वाईचकवर सहसा चार खुणा छापलेल्या असतात: अधिक, उणे, डी आणि सी. पिकोवर यूएसबीचं तोंड वर धरलं की डाव्या बाजूला वरून १ ते २० पिना, उजवीकडे खालून वर २१ ते ४०. ‘अधिक’ ३६ क्रमांकाच्या पिनला, ‘उणे’ ३८ ला, डी ६ ला (म्हणजे जीपी ४), सी ७ ला (जीपी ५).

२. ३६ आणि ४० मध्ये घोटाळा करू नका. ४० वर यूएसबीचे ५ व्होल्ट असतात आणि वाईची गिटार ३.३ व्होल्टसाठी बनलेली आहे. ही एकच चूक अशी आहे की जी गिटारच्या जिवावर बेतते.

३. गिटार न जोडता पिकोला यूएसबी लावा आणि वाईचकच्या अधिक-उणेवर मल्टिमीटर टेकवा. ३.३ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. मग यूएसबी काढा आणि मीटर बीपवर ठेवून शेजारच्या दोन तारा सोल्डरच्या थेंबाने चिकटल्या नाहीत ना, ते पाहा.

४. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरा आणि तसंच धरून यूएसबी लावा. कॉम्प्युटरवर एक नवा ड्राइव्ह उगवतो. तो उगवला नाही तर दहापैकी नऊ वेळा केबल फक्त चार्जिंगची असते. डेटा नेणारी घ्या.

५. सॅनट्रोलरच्या कॉन्फिग्युरेटरमधून पिकोवर फर्मवेअर चढवा. प्रकार गिटार, इनपुट वाई एक्स्टेन्शन, डेटासाठी जीपी ४, क्लॉकसाठी जीपी ५ निवडून सेव्ह करा.

६. यूएसबी काढा, वाईचक गिटारच्या पोकळीतल्या प्लगमध्ये बसवा, मग यूएसबी परत लावा. हा बोर्ड उलटाही बसू शकतो आणि उलटा बसला की वीज भलत्या पिनवर जाते. प्लगच्या एका बाजूला खाच असते. बोर्डवरच्या खुणेशी ती जुळवूनच आत ढकला.

जॉय डॉट सीपीएलमध्ये गिटार दिसते पण एकही बटण हलत नसेल तर डी आणि सी उलटे लागले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मध्येच गिटार गायब होऊन परत येत असेल तर तारा लांब आहेत किंवा वाईचक सैल बसतोय. तारा आखूड करा. तरीही भागलं नाही तर डी आणि सी यांपासून प्रत्येकी ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडा. शेवटी पिको रिमोटच्या पोकळीत ठेवा, तारांना ताण बसू नये म्हणून यूएसबी केबल आतच एका केबल टायने बांधा. खेळताना पाय अडकतो तो याच केबलमध्ये.

डोंगल हरवलेली पीएस ३ ची गिटारही अशीच वाचवता येते, पण काम मोठं. आतला वायरलेस बोर्ड सोडून द्यायचा आणि प्रत्येक स्विचची एक तार पिकोच्या वेगळ्या पिनला, दुसरी सामाईक ग्राउंडला. व्हॅमीच्या पोटेन्शिओमीटरची मधली तार जीपी २६, २७ किंवा २८ यांपैकी एकीला, कारण बदलता विद्युतदाब (व्होल्टेज) मोजणाऱ्या बाहेर काढलेल्या पिना पिकोवर एवढ्याच. बाजूच्या दोन तारा ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला. मात्र स्पर्शपट्टी असलेल्या मानेत स्वतःची चिप असते, तिथे साध्या स्विचसारख्या तारा ओढून भागत नाही. पहिलाच प्रयोग असेल तर अशी मान टाळा.

खेळात बटणं नेमणं

पीसीवर सुरुवातीला क्लोन हिरो किंवा यार्ग घ्या, दोन्ही मोफत. क्लोन हिरोच्या मुख्य पडद्यावर स्पेसबार दाबला की कंट्रोलरची खिडकी येते. प्रत्येक ओळीवर क्लिक करून गिटारवरचं ते बटण दाबायचं. टिल्ट नेमताना गिटार आधी आडवी, खेळायच्या स्थितीत धरा आणि मग मान उचला. हे न केल्याने स्टार पॉवर आपोआप सुरू होते, आणि लोक सेन्सर खराब म्हणून गिटार खोलून बसतात. तरीही आपोआप सुरू होत असेल तर टिल्टची मर्यादा वाढवा, किंवा टिल्ट काढून ते काम सिलेक्ट बटणाला द्या.

पीएस ३ च्या डोंगलवर व्हॅमी आणि टिल्ट भलत्याच अक्षांवर दिसू शकतात. खिडकीत जो अक्ष हलतो तो नेमा, नावाकडे बघू नका.

कॅलिब्रेशन

‘बरोबर वेळी वाजवतोय, तरी चुकतंय’ ही तक्रार गिटारची क्वचितच असते. टीव्ही चित्र दाखवायला उशीर करतो, स्पीकर आवाज द्यायला, आणि दोघांचा उशीर वेगळा. आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. त्यांचा उशीर १०० ते २०० मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो आणि तो दर वेळी सारखाच राहील याची खात्री नाही. वायरचे हेडफोन किंवा स्पीकर लावा, आणि ज्यावर खेळणार त्यावरच कॅलिब्रेट करा, म्हणजे हा उशीर मोजून खेळात भरा. स्पीकर बदलला की पुन्हा करा.

खेळातलं आपोआप कॅलिब्रेशन दोन-तीनदा करून मधला आकडा ठेवा. मग एखादं सोपं, ठाशीव तालाचं गाणं वाजवा आणि ५-५ मिलिसेकंदांनी सरकवत जा. आवाजाचा आणि चित्राचा आकडा एकदम हलवू नका. कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दुरुस्ती

लेस पॉलच्या मानेचा जोड हा या सगळ्या प्रकरणातला बदनाम भाग. खुणा ठरलेल्या: एखादं बटण गाण्याच्या मध्येच सुटतं, मान दाबली की परत येतं. मान काढून दोन्ही बाजूंचे धातूचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने पुसा, पूर्ण वाळू द्या. अंगाकडच्या पत्त्या दबून खाली बसल्या असतील तर चिमट्याने केसभर वर उचला. जोरात ओढल्या तर तुटतात. तरीही सैल असेल तर मान जिथे आत सरकते तिथे मागच्या बाजूला इन्सुलेशन टेपचे एक-दोन थर लावून जोड घट्ट करा. कायमचा इलाज म्हणजे जोड टाळून तारा थेट सोल्डर करणं. पण मग मान कधीच सुटी होत नाही, आणि पुढे कधी विकायची झाली की खोका लांबलाच.

एकदा स्ट्रम केल्यावर दोन नोंदी होत असतील तर स्विचची पत्ती बसताना उडते आहे. पिकोवर असाल तर डिबाउन्स, म्हणजे एका नोंदीनंतर पुढची न मोजण्याचा वेळ, वाढवून हे झाकता येतं, पण हात राखून. २०० च्या टेम्पोला सोळाव्या भागाच्या दोन स्ट्रममध्ये ७५ मिलिसेकंदच असतात, आणि डिबाउन्स त्याच्या जवळ नेला की खरे स्ट्रमही गिळले जातात. २० ते ३० च्या पुढे जावं लागत असेल तर स्विचच बदला. कव्हर उघडताना सगळे स्क्रू काढूनही ते निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. स्टिकरवरून बोट फिरवलं की खड्डा लागतो.

बटण दाबलेलंच राहत असेल तर बहुतेक वेळा खाली सांडलेलं काहीतरी वाळलेलं असतं, आणि नुसतं पुसून काम होतं. बटणाखालच्या रबरी चकतीचा काळा ठिपका झिजला असेल तर तिथे वीजवाहक रंगाचा एक थेंब पुरतो. व्हॅमी खरखरत असेल, म्हणजे खेळात त्याची पातळी थरथरत दिसत असेल, तर पोटेन्शिओमीटरच्या भेगेत संपर्क साफ करणारा स्प्रे मारून दांडा वीसेक वेळा पूर्ण फिरवा.

ड्रम थोडक्यात

ड्रमचं शास्त्र वेगळं, पण खरेदीचा नियम तोच: कन्सोल आणि डोंगल आधी. रॉक बँडच्या संचाला चार पॅड आणि एक पेडल, वर्ल्ड टूरच्या संचाला तीन पॅड, दोन उंच झांजा आणि पेडल. पहिल्या रॉक बँडचं प्लास्टिकचं पेडल तुटण्यासाठी प्रसिद्ध आहे. घेताना ते हलकेच वाकवून पाहा, किंवा धातूची पट्टी लावलेलं घ्या. वर्ल्ड टूरच्या संचाला मिडी इनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य जोडायचं तोंड असतं, त्यामुळे घरात खरा इलेक्ट्रॉनिक ड्रम असेल तर तो त्यातून खेळात आणता येतो. पॅडवरचा घाव शेजारच्या पॅडवरही नोंदला जात असेल तर आधी स्टँडचे बोल्ट घट्ट करा आणि खाली जाड सतरंजी घाला. सेटिंगमधली संवेदनशीलता त्यानंतर कमी करा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा आणि गिटार सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मानेचा जोड सुटा करून ठेवला तर त्याच्या संपर्कांवर व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवा, आणि ऑक्टोबरमध्ये लावण्याआधी अल्कोहोलने पुसून घ्या.